खडकांचे कालमापन

खडक केव्हा निर्माण झाला हे ठरवून त्यावरून पृथ्वीचा इतिहास लावण्याची भूविज्ञानातील पद्धत. कोणता खडक आधीचा आणि कोणता नंतरचा, एवढेच सांगितले तर ते सापेक्ष वय. वर्षांत सांगितले तर निरपेक्ष वय.

सापेक्ष वयाचा पाया निकोलस स्टेनो यांनी १६६९ मध्ये घातला. गाळ थरावर थर साचत जातो. त्यामुळे थर उलटेपालटे झाले नसतील तर सर्वांत खालचा सर्वांत जुना. थरांना छेदून घुसलेला अग्निजन्य खडक त्या थरांनंतरचा. दूरदूरचे थर जुळवायला जीवाश्म उपयोगी पडतात. विल्यम स्मिथ यांचा १८१५ चा इंग्लंड-वेल्सचा भूवैज्ञानिक नकाशा त्यांच्याच आधारे तयार झाला. मात्र थरांची मालिका क्वचितच अखंड असते. स्कॉटलंडमधील सिकार पॉइंट येथे जवळजवळ उभ्या थरांच्या झिजलेल्या कडांवर तांबडा वालुकाश्म किंचित कललेला पसरला आहे. भूवैज्ञानिक जेम्स हटन यांनी १७८८ मध्ये ही विसंगती (थरांच्या मालिकेतला खंड) पाहिली. खालचे थर साचले, दगड झाले, उभे झाले, झिजले आणि मगच वरचे साचले. मधल्या सुमारे ६.५ कोटी वर्षांचा खडक तिथे नाहीच.

वर्षांचा आकडा मिळाला तो १८९६ मध्ये किरणोत्सर्गाचा, म्हणजे काही अणू आपोआप किरण सोडत दुसऱ्या मूलद्रव्यात बदलतात याचा, शोध लागल्यानंतर. युरेनियमचे ठरावीक गतीने शिसे होते आणि ही गती उष्णता किंवा दाबाने बदलत नाही. यासाठी झिरकॉन हे खनिज सर्वांत भरवशाचे. वाळूच्या कणाएवढा त्याचा स्फटिक घडताना युरेनियम सामावून घेतो, शिसे मात्र जवळजवळ घेतच नाही. म्हणजे आज त्यात सापडणारे शिसे बहुतेक सगळे नंतर तयार झालेले. शिवाय युरेनियमची वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची दोन रूपे (समस्थानिके) असल्याने एकाच कणात दोन घड्याळे चालतात: युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य (निम्मे अणू बदलायला लागणारा काळ) ४४७ कोटी वर्षे, युरेनियम-२३५ चे ७०.४ कोटी. दोन्हींनी एकच वय दिले तर शिसे गळलेले नाही अशी खात्री पटते. कार्बन-१४ चे नाव सर्वांना ठाऊक असते, पण ते सुमारे ५०,००० वर्षांपर्यंतच्या जैव अवशेषांसाठी. जुन्या खडकांसाठी नव्हे.

मोजलेले वय नेमके कशाचे, हा प्रश्न आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे. ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स येथे सुमारे ४४० कोटी वर्षांचा झिरकॉन मिळाला. तो ज्या पिंडाश्मात (गोटे एकत्र घट्ट होऊन झालेल्या खडकात) रुतला आहे तो सुमारे ३०० कोटी वर्षांचाच. जुना खडक झिजला, कण वाहून आला आणि नव्या खडकात अडकला. म्हणूनच गाळाच्या थराचे वय ठरवताना त्याच्या खालीवर ज्वालामुखीच्या राखेचे थर शोधतात आणि त्या दोन वयांच्या दरम्यान ते पकडतात.

पृथ्वीच्या जन्मवेळचा खडक इथे कुठेच शिल्लक नाही. त्यामुळे शास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी पृथ्वीबरोबरच घडलेल्या अशनींमधील (आकाशातून पडलेल्या दगडांमधील) शिशाची समस्थानिके मोजली आणि १९५६ मध्ये ४५५ कोटी वर्षे हे वय प्रसिद्ध केले. त्यात चूक असलीच तर ७ कोटी वर्षे इकडे-तिकडे. महासागरी गाळातील शिशाच्या समस्थानिकांचे प्रमाणही अशनींच्या मोजणीशी जुळले, म्हणून तेच वय पृथ्वीलाही लागू केले गेले.