परदेशी व्हिडिओ बैठक प्रणाली : व्यावसायिक वापरातील दक्षता

झूम, वेबेक्स, मायक्रोसॉफ्ट टीम्स, गूगल मीट या अमेरिकी कंपन्यांच्या प्रणालींवर कामकाजाच्या बैठका घेताना बाळगायची सावधगिरी. बैठकीत कोण शिरू शकतो आणि कंपनीच्या सर्व्हरवरून जाणारे बोलणे कोणाला उलगडता येते, असे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बोलबाला दुसऱ्याचा होतो. पण गाजलेल्या काही गळत्या साध्या हलगर्जीपणातून झाल्या आहेत.

भारतात हा विषय ऐरणीवर आला तो टाळेबंदीत. एप्रिल २०२० मध्ये टोरंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅब या संशोधन गटाने झूमचे बिंग फोडले. कंपनी २५६ बिटांच्या कूटबद्धतेचा, म्हणजे बोलणे इतरांना न उलगडणाऱ्या रूपात बदलण्याचा, दावा करत होती; बिट जितके जास्त, तितकी ती भक्कम. प्रत्यक्षात सगळ्या बैठकीला मिळून १२८ बिटांची एकच किल्ली, म्हणजे बोलणे उलगडणारा संकेत, होती. चाचणीत काही किल्ल्या चीनमधील सर्व्हरवरून आल्याचेही दिसले. त्याच महिन्यात केंद्रीय गृह मंत्रालयाने सरकारी कामासाठी झूम वापरू नये असे बजावले आणि खासगी वापरासाठी सूचना दिल्या. दर बैठकीला नवा आयडी व पासवर्ड, वेटिंग रूम (यजमानाने आत घेईपर्यंत थांबण्याची जागा) चालू, यजमानाआधी प्रवेश नाही, स्क्रीन शेअरिंग यजमानाच्याच हाती, सगळे आले की बैठक लॉक, असे त्यांचे स्वरूप होते. यजमानाने नुसते ‘लीव्ह’ न करता बैठक ‘एंड’ करावी, ही त्यातली सूचना आजही सर्रास विसरली जाते.

झूमने त्यानंतर मे २०२० अखेर कूटबद्धता सुधारली आणि ऑक्टोबरमध्ये ‘एंड-टू-एंड’ पर्याय आणला. त्यात किल्ली सहभागींच्या उपकरणांवरच राहते. मात्र मग क्लाउड रेकॉर्डिंग मिळत नाही, साध्या फोनवरून जोडता येत नाही. म्हणून दराच्या किंवा निविदेच्या चर्चेपुरता तरी तो चालू करावा, एरवी आग्रह धरण्यात फारसा अर्थ नाही. क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर, ठेवलेले रेकॉर्डिंग हा वेगळाच धोका. अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाउड कायद्यानुसार तिथल्या कंपनीला, विदा (डेटा) कोणत्याही देशात साठवलेली असली तरी, वैध आदेश आल्यास ती द्यावी लागू शकते. बैठकीचे टिपण काढणाऱ्या एआय सहायकालाही हेच लागू. तो कधी कधी तिसऱ्याच कंपनीचा असतो, आणि कोणी आत घेतला हे अनेकदा कोणालाच ठाऊक नसते.

नोव्हेंबर २०२० मध्ये डच संरक्षणमंत्र्यांच्या ट्विटर खात्यावरील छायाचित्रात युरोपीय संरक्षणमंत्र्यांच्या गोपनीय बैठकीच्या सहा अंकी पिनमधले पाच अंक दिसत होते. एका पत्रकाराने उरलेला अंक ओळखला, आत जाऊन हात हलवला. २०२४ मध्ये जर्मन हवाई दलाच्या अधिकाऱ्यांचे वेबेक्सवरील संभाषण रशियन माध्यमांनी प्रसिद्ध केले. त्यांतला एक जण सिंगापूरहून असुरक्षित जोडणीवरून बोलत होता. प्रवासातल्या विक्री प्रतिनिधीला हॉटेलच्या वायफायऐवजी मोबाइल डेटा वापरायला सांगावे, ते याचसाठी.

कूटबद्धता कितीही भक्कम असली तरी समोरचा चेहराच बनावट असेल तर तिचा उपयोग नाही. अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातील कर्मचाऱ्याने २०२४ च्या सुरुवातीला व्हिडिओ कॉलवर ‘वरिष्ठां’ना पाहून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर वर्ग केले, ते वरिष्ठ डीपफेक, म्हणजे एआयने बनवलेले खोटे चेहरे व आवाज, होते. त्यामुळे कॉलवर मिळालेला पैशांचा आदेश, आधीपासून जवळ असलेल्या क्रमांकावर फोन करून पडताळल्याशिवाय लेखा विभागाने पुढे सरकवू नये.