पहिलं इलेक्ट्रिक आरसी विमान: ठरलेल्या उत्तरामागचा इतिहास

पहिलं आरसी (रेडिओ कंट्रोलवर उडणारं) विमान कोणतं घेऊ, असं मैदानावर कुणालाही विचारा. उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं: पंख वर असलेलं, फोमचं, इलेक्ट्रिक, तीन नाहीतर चार चॅनेलचं (म्हणजे रेडिओवरून तेवढ्या गोष्टी हलवता येणारं), आणि मिळालं तर मोटर मागे असलेलं. या उत्तरातला एकेक शब्द वेगवेगळ्या दशकांत जमा झाला आहे, आणि त्यामागे कुणाचं ना कुणाचं आपटलेलं विमान आहे. तो इतिहास माहीत असला की दुकानातल्या चकचकीत लढाऊ जेटसमोरून न थांबता पुढे जाता येतं.

यात सर्वात जुना आहे तो आकार. वॉल्टर आणि विल्यम गुड या अमेरिकन भावंडांनी 1937 मध्ये रेडिओवर उडवलेलं 'गफ' आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. पंखाची लांबी आठ फूट, आणि पंख धडाच्या वर. त्या काळातली आणि त्यानंतर बरीच वर्षं वापरातली साधी यंत्रणा आज कळली तर अंगावर काटा येतो. विमानात पीळ दिलेला रबर असायचा आणि त्याच्या जोरावर रडर, म्हणजे शेपटीवरची डावी-उजवीकडे वळणारी उभी पट्टी, हलायचं. बटण एकदा दाबलं की उजवीकडे, सोडलं की मधे, पुन्हा दाबलं की डावीकडे. मागचा वळसा कोणत्या बाजूचा होता हे उडवणाऱ्यानेच लक्षात ठेवायचं! अशा रेडिओच्या भरवशावर विमान सांभाळणं शक्यच नव्हतं, म्हणून विमानानेच स्वतःला सांभाळायला हवं होतं. ते काम पंखांच्या आकाराने केलं. समोरून पाहिलं तर दोन्ही पंख टोकांकडे किंचित उचललेले दिसतात. विमान एका बाजूला कलून घसरू लागलं की खालच्या पंखाला जास्त उचल मिळते आणि ते आपोआप सरळ होतं. याच आकारामुळे नुसतं रडर दिलं तरी विमान कलून वळतं, एलेरॉनची, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेवरच्या हलत्या पट्ट्यांची, गरज पडत नाही. आज तीन चॅनेलचं विमान नवख्याला का चालतं, याचं उत्तर इथे आहे.

शक्ती मात्र तेव्हा आणि पुढेही बरीच वर्षं इंजिनाची होती. पुढच्या काळात मिथेनॉल, एरंडेल तेल आणि नायट्रोमिथेन यांचं इंधन, बोटांना चिकटणारा तेलकट धूर, आणि बाल्सा या हलक्या लाकडाच्या पट्ट्यांवर ताणून बसवलेलं आवरण. आपल्याकडे एनसीसीच्या एअर विंगमधल्या कितीतरी मुलांनी पॉलिश पेपरने बाल्सा घासतच हा छंद ओळखीचा करून घेतला. त्या शिकण्यात हाताला जी समज येते तिला तोड नाही. पण एक चूक झाली की महिनाभराची मेहनत पाच सेकंदांत काड्या होऊन पडायची, आणि अनेकजण तिथेच थांबायचे.

वीज वापरून उडवायचा विचारही जुनाच. 30 जून 1957 रोजी इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांनी आपलं 'रेडिओ क्वीन' विमान इलेक्ट्रिक मोटर आणि सिल्व्हर-झिंक बॅटरीवर उडवलं. इलेक्ट्रिक आरसी उड्डाणाची पहिली अधिकृत नोंद बहुधा याचीच सांगितली जाते. पण त्यांचं नाव पुढे गाजलं ते 'टॅपलिन ट्विन' या दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनामुळे! जर्मनीत फ्रेड मिलिट्की यांनी मात्र विजेचा नाद सोडला नाही. आधी त्यांनी छोटी मॉडेल्स केली, आणि 1973 मध्ये ऑस्ट्रियात त्यांच्याच कल्पनेतून माणूस बसलेलं इलेक्ट्रिक विमान काही मिनिटं हवेत राहिलं. अमेरिकेत बाउचर बंधूंच्या अ‍ॅस्ट्रो फ्लाइटने सत्तरच्या दशकात मोटरी विकायला सुरुवात केली आणि 1974 मध्ये 'सनराइज' हे सौर विमान उडवलं.

तरीही सामान्य माणसाच्या हातात हे यायला पुढची तीस वर्षं गेली. कारण एकच, वजन. सात सेलचा निकेल-कॅडमियम पॅक साधारण चारशे ग्रॅमचा असायचा आणि त्यातून 14 वॉट-तासांच्या आसपास ऊर्जा मिळायची. आजचा तीन सेलचा 2200 एमएएच (मिलिअँपिअर-तास) लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर, पॅक 180 ग्रॅमच्या आसपास असतो आणि 24 वॉट-तास देतो. निम्म्याहून कमी वजनात दीडपटीहून जास्त! जड विमानाला हवेत राहायला वेग लागतो, आणि नवख्याला वेगच नको असतो. विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं वाटतं. तो गोंधळ सुटायला जे दोन सेकंद लागतात, ते हळू उडणारं विमान देतं.

लिपो मोबाइलच्या बाजारातून आली आणि 2000 नंतरच्या काही वर्षांत छंदात रुजली. त्याच सुमारास लोक जुन्या सीडी ड्राइव्हच्या मोटरी काढून, नवी तार गुंडाळून, ताकदीचे लोहचुंबक लावून घरच्या घरी ब्रशलेस, म्हणजे ब्रश नसलेली, मोटर करू लागले. कार्बन ब्रश झिजणाऱ्या जुन्या मोटरींचे दिवस तिथून संपत आले. लिपोला जपावं मात्र लागतं: चार्ज करताना समोर बसा, आणि सेलचा दाब तीन व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका. आग लागते, ही अतिशयोक्ती नाही.

पण माझ्या मते नवख्यांसाठी खरी क्रांती बॅटरीने नाही, फोमने केली. मल्टिप्लेक्सचं 'इझी स्टार' त्याचा नमुना. टोकांकडे उचललेले पंख, फक्त रडर आणि एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची आडवी पट्टी), आणि मोटर पंखांच्या मागे उंचावर, प्रोपेलर मागे तोंड करून. नाकावर आपटलं तरी मोडायला पुढे प्रोपेलरच नाही. माझ्या पहिल्या विमानाचं नाक तिसऱ्याच दिवशी बाभळीच्या बुंध्याला धडकून चेपलं होतं. उकळतं पाणी पातेल्यात घेऊन नाक त्यात धरलं, तर फोमचे चेपलेले दाणे डोळ्यांसमोर फुगून वर आले. उरलेली भेग फेविक्विकने चिकटवली आणि संध्याकाळी विमान पुन्हा हवेत. साध्या थर्माकोलवर हे करू नका, तो फेविक्विकने विरघळतो.

रेडिओचं दुखणं सर्वात शेवटी गेलं. पूर्वी मैदानावर एक फळी असायची, आपल्या चॅनेलचा (इथे रेडिओच्या फ्रिक्वेन्सीचा) चिमटा घेतल्याशिवाय ट्रान्समीटर चालू करायचा नाही. दोघांनी एकच चॅनेल चालू केलं तर हवेतलं विमान गेलंच. 2005 च्या सुमारास 2.4 गिगाहर्ट्‌झचे संच आले, ते मोकळी फ्रिक्वेन्सी आपणच शोधतात, आणि ती फळी गेली.

त्यानंतरची भर म्हणजे विमान आपणहून सरळ करणारे जायरो, कल ओळखणारे छोटे सेन्सर. हॉरायझन हॉबीचं 'सेफ' तंत्र 2013 च्या सुमाराचं. पहिल्या आठवड्यात त्याचा फार आधार वाटतो. पण घेताना पंख आधी बघा. वर असलेला, टोकांकडे उचललेला, सव्वा-दीड मीटरचा पंख असेल तर जायरो बंद करूनही शिकता येतं. पंख सपाट आणि आखूड असेल, तर जायरो बंद होताच तेच विमान नवख्याच्या हातून निसटतं.