ब्लो अप

ब्लो अप : ‘स्फोट होणे’ किंवा ‘स्फोटाने उडवून देणे’ या अर्थाचे इंग्रजीतील फ्रेझल व्हर्ब, म्हणजे साधे क्रियापद आणि त्याला चिकटलेले छोटे अव्यय मिळून झालेला शब्द. ‘ब्लो’ म्हणजे फुंकणे किंवा वारा वाहणे आणि ‘अप’ म्हणजे वर. या दोन निरुपद्रवी शब्दांच्या जोडीने पूल उडवता येतो, फुगा फुगवता येतो, फोटो मोठा करता येतो आणि एखाद्यावर भडकताही येते. कोशात हे अर्थ क्रमांक देऊन सुटे सुटे छापलेले असले, तरी त्यांच्या मुळाशी एकच चित्र आहे. आत हवा भरत जाते, ताण वाढतो आणि वस्तू फुगते किंवा फुटते.

‘ब्लो’ हे जुन्या इंग्रजीतील ‘ब्लावन’वरून आले. फुंकणे या अर्थाचा लॅटिन ‘फ्लारे’ त्याचा दूरचा नातलग. त्यावरून ‘इन्फ्लेट’ आणि ‘इन्फ्लेशन’ हे शब्द बनले. मराठीत ‘चलनफुगवटा’ म्हणतात तेव्हा तीच हवा पैशात भरलेली असते. फुंकण्यापासून स्फोटापर्यंतची उडी बंदुकीच्या दारूने घेतली. किल्ल्याच्या तटाखाली भुयार खणून, दारू भरून तट वर उडवून देणे हे युरोपातील वेढ्यांचे नेहमीचे तंत्र झाले होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ‘ब्लो अप’ हा शब्द या अर्थाने रुळला. त्यातले ‘वर’ सुरुवातीला अगदी शब्दशः होते. 5 नोव्हेंबर 1605 रोजी लंडनच्या संसदेतील उमरावांचे सभागृह उडवून देण्याचा कट उघडकीस आला. गाय फॉक्स हा सभागृहाखालच्या तळघरात दारूच्या 36 पिंपांची राखण करताना पकडला गेला. या कटाबद्दल लिहिताना इंग्रजीत आजही बहुधा ‘ब्लो अप’च येते.

व्याकरणात लक्षात ठेवण्यासारख्या गोष्टी थोड्याच. भूतकाळी रूप ‘ब्ल्यू’, धातुसाधित ‘ब्लोन’. कर्म मध्ये घालता येते आणि सर्वनाम असेल तर घालावेच लागते. ‘ब्लो इट अप’ बरोबर, ‘ब्लो अप इट’ चूक. नाम म्हणून वापरले की आघात पहिल्या शब्दावर सरकतो. मराठी माणसाला खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. फुटणे आणि फोडणे, उडणे आणि उडवणे, फुगणे आणि फुगवणे अशा जोड्या मराठीत आहेत, त्यामुळे आपोआप घडले की कोणी घडवले हे क्रियापदच सांगते. इंग्रजीत दोन्हींना ‘ब्लो अप’. ‘द ब्रिज ब्ल्यू अप’ म्हणजे पूल उडाला आणि ‘दे ब्ल्यू अप द ब्रिज’ म्हणजे त्यांनी पूल उडवला. भेद फक्त शब्दक्रमात आहे.

‘अप’चे भाषांतर ‘वर’ असे करू नये. ‘ईट अप’, ‘यूज अप’ यांमध्ये ‘अप’ काम पुरते संपल्याचे सांगते. मराठीत ते काम संयुक्त क्रियापदातला दुसरा शब्द करतो. उडवून देणे, भडकून उठणे, फोडून टाकणे यांतले देणे, उठणे, टाकणे हेच मराठीचे ‘अप’. नुसते ‘पूल उडवला’ आणि ‘पूल उडवून दिला’ यांतला फरक ज्याच्या कानाला कळतो, त्याला फ्रेझल व्हर्ब वेगळे शिकवावे लागत नाही.

पर्यायी शब्दांची यादी लांब आहे, पण एकाच्या जागी दुसरा शब्द क्वचितच बसतो. सर्वांत जवळचा ‘एक्सप्लोड’. त्याचे मूळ मात्र दारूगोळ्यात नाही, नाटकात आहे. लॅटिन ‘एक्सप्लोडेरे’ म्हणजे टाळ्या पिटून नटाला रंगमंचावरून घालवणे. याला मराठीत ‘हुर्यो उडवणे’ असा चपखल शब्दप्रयोग आहे. कौतुकाच्या टाळ्यांचा ‘अप्लॉज’ याच कुळातला. स्फोटाचा अर्थ ‘एक्सप्लोड’ला अठराव्या शतकात चिकटला. जुन्या अर्थाचा अवशेष ‘एक्सप्लोड अ मिथ’ या प्रयोगात उरला आहे. एखादी समजूत खोटी पाडणे, म्हणजे भ्रमाचा भोपळा फोडणे, असा त्याचा अर्थ. ‘एक्सप्लोड’ आणि ‘ब्लो अप’ यांतला फरक कर्मावरून कळतो. बॉम्ब ‘एक्सप्लोड’ करता येतो, पूल नाही. पुलाला ‘ब्लो अप’च हवे. पहिल्याची नजर स्फोटावर असते, तर दुसऱ्याची स्फोटाने काय उद्ध्वस्त झाले त्यावर. मराठीही हा भेद पाळते. बॉम्ब फोडतात, पूल उडवतात.

‘डेटोनेट’ हा तांत्रिक शब्द, लॅटिनमधील गडगडण्याच्या धातूवरून आलेला. स्फोटकशास्त्रात त्याला नेमका अर्थ आहे. ज्या पदार्थात अभिक्रियेची लाट ध्वनीपेक्षा जास्त वेगाने पसरते तोच ‘डेटोनेट’ होतो. टीएनटी या स्फोटकामध्ये ही लाट सेकंदाला सुमारे 6,900 मीटर धावते. साधी काळी बंदुकीची दारू मात्र झपाट्याने जळते, पण तिच्यातली ज्वाला ध्वनीहून मंद असते. वाफेच्या बॉयलरमध्ये तर अशी लाट नसतेच, नुसता वाफेचा दाब असतो. त्यामुळे बॉयलर ‘ब्लो अप’ होऊ शकतो, ‘एक्सप्लोड’ होऊ शकतो, ‘डेटोनेट’ होऊ शकत नाही. बातम्यांत हा भेद सर्रास पुसला जातो.

आतल्या दाबाने पाइप, फुगा किंवा बुडबुडा फुटला की ‘बर्स्ट’. ज्वालामुखीसाठी ‘इरप्ट’. ‘ब्लास्ट’ म्हणजे मुळात वाऱ्याचा झोत आणि तोही ‘ब्लो’च्याच घराण्यातला.

सर्वांत फसवा पर्याय ‘गो ऑफ’. बॉम्ब ‘गो ऑफ’ झाला म्हणजे फुटला, बंदूक झाली म्हणजे सुटली, अलार्म झाला म्हणजे वाजला. पण दिवे ‘गो ऑफ’ झाले म्हणजे गेले, आणि ब्रिटिश इंग्रजीत दूध झाले म्हणजे नासले. एका शब्दाने काही सुरू होते आणि काही बंद पडते. हा प्रयोग अकर्मक आहे. कर्म हवे असेल तर ‘सेट ऑफ’ म्हणावे लागते.

माणूस ‘ब्लो अप’ झाला की तो संतापला, भडकला, त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याच्यावर भडकला त्याच्याआधी ‘ॲट’ येते, ‘ऑन’ नाही. मराठीतल्या ‘माझ्यावर’मुळे ही चूक हमखास होते. याच अर्थाचे ‘ब्लो वन्स टॉप’ ज्वालामुखीच्या माथ्याची आठवण करून देते. एखादी खेळी ‘ब्लोज अप इन युअर फेस’ म्हणजे ती अंगलट येते. वादळ किंवा भांडण ‘ब्लो अप’ झाले तर ते एकाएकी उठले. उलट ‘ब्लो ओव्हर’ झाले तर निवळले. क्षुल्लक गोष्ट फुगवून सांगणे, म्हणजे राईचा पर्वत करणे, हाही एक अर्थ आहे. त्यासाठी आता ‘ब्लो आउट ऑफ प्रपोर्शन’ जास्त ऐकू येते.

अलीकडचा अर्थ अगदी उलट दिशेचा आहे. आफ्रिकी-अमेरिकी बोलीतून आणि हिप-हॉपमधून आलेले ‘ब्लो अप’ म्हणजे एकदम प्रसिद्ध होणे. फोन ‘ब्लोइंग अप’ आहे म्हणजे संदेशांचा पाऊस पडतो आहे, बॅटरी पेटलेली नाही. शेअर बाजारात मात्र हा शब्द अजून अशुभच आहे. तिथे फंड ‘ब्लो अप’ झाला म्हणजे तोट्यात बुडाला. 1998 मध्ये अमेरिकेतील ‘लाँग-टर्म कॅपिटल मॅनेजमेंट’ची झालेली गत हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण.

छायाचित्रणात ‘ब्लो अप’ म्हणजे मोठे करणे. 16 मिलिमीटर फिल्मवर काढलेला चित्रपट 35 मिलिमीटरवर चढवणे यालाही हाच शब्द. यात नवे काहीच दिसू लागत नाही, फक्त फिल्मवरचे बारीक दाणे मोठे होतात. गणितात दोन वेगळे ‘ब्लो-अप’ आहेत. अवकल समीकरणाची, म्हणजे बदलाचा वेग मांडणाऱ्या समीकरणाची, उकल मर्यादित वेळात अनंताकडे धावली की तिचा ‘ब्लो-अप’ झाला. द्रव आणि वायू कसे वाहतात हे सांगणाऱ्या नाविए-स्टोक्स समीकरणांत असे कधी घडते का, हा अमेरिकेतील क्ले या गणितसंस्थेने 2000 साली दहा लाख डॉलरचे बक्षीस लावलेल्या प्रश्नाचा गाभा आहे. बैजिक भूमितीतला, म्हणजे समीकरणांनी आकार अभ्यासणाऱ्या शाखेतला, ‘ब्लो-अप’ मात्र फोटोवाल्याच्या अर्थाकडे झुकणारा. एका बिंदूच्या जागी त्यातून जाणाऱ्या सर्व दिशा मांडायच्या, म्हणजे वक्ररेषा जिथे स्वतःलाच छेदते तिथली गाठ सुटी होते. जपानी गणिती हेईसुके हिरोनाका यांनी 1964 मध्ये याच क्रियेचा पुन्हा पुन्हा वापर करून शून्य लक्षणांकाच्या क्षेत्रांवरील (म्हणजे वास्तव संख्यांसारख्या, 1 कितीही वेळा मिळवला तरी बेरीज शून्य होत नाही अशा संख्यासंचांवरील) अशा सर्व गाठी सोडवता येतात हे सिद्ध केले. यात काहीही फुटत नाही.