साहेब उशिरा म्हातारा होतो

कुठल्याही ऑफिसात एक समजूत ठाम असते: टेन्शन साहेबाला, म्हणून हार्ट अटॅकही साहेबालाच. शिपायाचं काय, पाच वाजले की सुटला! ब्रिटनमध्येही असंच मानलं जाई. लंडनच्या व्हाइटहॉल भागातल्या सरकारी कचेऱ्यांमध्ये १९६७ साली सुमारे अठरा हजार पुरुष कर्मचाऱ्यांची तपासणी झाली, पुढची कित्येक वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं आणि ही समजूत पार उलटी पडली. पहिल्या दहा वर्षांत दरवान, निरोप्ये अशा सर्वांत खालच्या श्रेणीतल्या लोकांमध्ये मृत्यूचं प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघालं.

गरीब माणूस लवकर जातो, हे कळायला संशोधन कशाला हवं, असं कुणी म्हणेल. पण इथे उपाशी, बेघर असं कुणी नव्हतंच. सगळे सरकारी पगारदार, सगळ्यांना पेन्शन, दवाखाना सगळ्यांना मोफत. शिवाय फरक फक्त तळाला आणि टोकाला नव्हता. वरून दुसऱ्या पायरीवरचे लोक पहिल्या पायरीवरच्यांपेक्षा थोडे वाईट, तिसऱ्या पायरीवरचे आणखी थोडे, अशी ती उतरंड होती. म्हणजे बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी असलेला मधला अधिकारीही तिच्यातून सुटला नव्हता. मला या अभ्यासातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

खालच्या श्रेणीत विड्या-सिगारेटी जास्त ओढल्या जात, हे खरं. पण धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल या सगळ्यांचा हिशेब मांडूनही अर्ध्याहून जास्त फरक शिल्लकच राहिला. तो शोधायला मायकेल मार्मट यांनी १९८५ पासून दुसरा अभ्यास सुरू केला. त्यात १०,३०८ कर्मचारी होते आणि या वेळी स्त्रियाही. त्यातून एक धागा हाती लागला: कामाचा भार किती, याइतकंच महत्त्वाचं होतं ते काम कसं आणि कधी करायचं हे ठरवण्याची मुभा किती. साहेबाच्या टेबलावर फायलींचा ढीग असतो, पण आधी कोणती उघडायची हे तो ठरवतो. ज्याला ही मुभा नव्हती त्याला हृदयविकाराचा धोका जास्त होता.

मनातली ही कुचंबणा शरीरात उतरते कशी? ताण आला की मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक सोडतात. त्याने रक्तातली साखर वाढते, शरीर पळायला किंवा लढायला सज्ज होतं. कुत्रं मागे लागलं तर हे फार उपयोगाचं. पण घरभाडं, हप्ता, वरिष्ठांची बोलणी हे कुत्रं वर्षानुवर्षं मागेच असेल, तर पोटाभोवती चरबी साठते, इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो, रक्तवाहिन्यांमध्ये मंद दाह धुमसत राहतो. मधुमेह, हृदयविकार, स्मृतिभ्रंश या उतारवयातल्या दुखण्यांमध्ये या दाहाचा हात असतो.

निवृत्त झाल्यावर तरी हे मिटावं. साहेब आणि कारकून दोघेही घरीच. पण याच दुसऱ्या अभ्यासाच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांमध्ये नेमकं उलट दिसलं. लोकांनी स्वतः सांगितलेल्या तब्येतीवरून हिशेब केला, तर वरच्या श्रेणीतून निवृत्त झालेल्या सत्तरीच्या माणसाची शारीरिक प्रकृती खालच्या श्रेणीतल्या साधारण बासष्ट वर्षांच्या माणसाइतकी होती. मध्यमवयात हीच दरी साडेचार वर्षांची होती. नोकरी संपली तरी ती रुंदावतच गेली.

आणि तिची सुरुवात तर नोकरीच्याही कितीतरी आधी होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांमधल्या गर्भवतींचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण आपल्या बाळांमध्ये कमी होते ते स्नायू. चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला किरकोळ आणि आतून चरबीदार, अशी ही शरीरं पुढे मधुमेहाकडे लवकर झुकतात. आईच्या ताटात काय पडलं आणि गरोदरपणातही तिला शेतात किती राबावं लागलं, याची नोंद अशी बाळाच्या अंगात होते. पन्नाशीत मधुमेह झाला की त्याला ‘गोड कमी खा’ म्हणून सांगणं सोपं असतं.

व्हाइटहॉलच्या दरवानाजवळ निदान पेन्शन होती. आपल्याकडे शेतमजूर, गवंडी, घरकाम करणाऱ्या बायका यांना तीही नाही; अंग चालेल तोवर काम, मग मुलांचा आधार. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात साठ ते एकोणऐंशी वयाच्या व्यक्तीसाठी केंद्राचा वाटा महिना २०० रुपये आहे. महाराष्ट्राच्या श्रावणबाळ योजनेची रक्कम २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० रुपये झाली. २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले, हे चांगलंच झालं. मात्र ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. रक्तदाबाची रोजची गोळी त्यात बसत नाही.