प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापण्याआधीच ऑनलाइन टाकलेला रिसर्च पेपर) असाइनमेंटमध्ये चालत नाही? कोण म्हणतं!

'जर्नलमध्ये छापलेलं नाही म्हणजे कचरा, असाइनमेंटमध्ये वापरायचंच नाही' हे सीनियर्स वर्षानुवर्षं सांगत आलेत, पण ते तसं नाहीये. प्रीप्रिंट जिथे टाकतात ते आर्काइव्ह (arXiv) १९९१ पासून चालू आहे, फिजिक्स-मॅथ्सवाले रोज तिथलंच वाचतात, आणि रशियन गणितज्ञ पेरेलमनने पॉइन्कारे कंजेक्चरचा (गणितातल्या एका जुन्या, न सुटलेल्या प्रश्नाचा) प्रूफ २००२-०३ मध्ये तिथेच टाकला, जर्नलला पाठवलाच नाही, तरी २००६ ला फील्ड्स मेडल (गणितातलं मोठं बक्षीस) जाहीर झालं (ते पण त्याने नाकारलं, असो). आता हे खरंय की तिथे पीअर रिव्ह्यू (त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडून तपासणी) होत नाही, मॉडरेटर फक्त वरवर बघतात, त्यामुळे चुकीचे पेपरही सापडतात. म्हणून नंतर छापील व्हर्जन आलंय का बघा, आलं असेल तर संदर्भ म्हणून तेच साइट (cite) करा, नाहीतर 'प्रीप्रिंट' असं स्पष्ट लिहा आणि सरांना आधी विचारून घ्या.