‘आम्ही कोणतीही पावले उचललेली नाहीत’: पुरवठा साखळीतील गुलामगिरीविषयीच्या निवेदनांची पार्श्वभूमी

परदेशी खरेदीदारांना माल पाठवणाऱ्या भारतीय उत्पादकांना, मग तो तिरुपूरचा तयार कपड्यांचा कारखानदार असो की नाशिकचा द्राक्ष निर्यातदार, गेल्या दहा वर्षांत एक प्रश्नावली चांगलीच परिचयाची झाली आहे. कामगारांची मूळ ओळखपत्रे कोणी काढून ठेवतो का, काम मिळवून देण्यासाठी ठेकेदार त्यांच्याकडून पैसे घेतो का, आगाऊ रक्कम फिटेपर्यंत कामगाराला काम सोडता येत नाही असे होते का, अशा प्रश्नांना तिच्यात ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर द्यायचे असते. ही उत्तरे पुढे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा कॅनडातील खरेदीदार कंपनीच्या, पुरवठा साखळीतील गुलामगिरी रोखण्यासाठी आपण काय केले हे सांगणाऱ्या वार्षिक निवेदनात जातात आणि तिथे ‘आमच्या पुरवठादारांपैकी इतक्या जणांनी स्वयंमूल्यांकन पूर्ण केले’ एवढे एक वाक्य होऊन राहतात. हे वाक्य लिहिण्याची पद्धत कशी पडली, हे समजून घेण्यासाठी २०१० ते २०१५ या पाच वर्षांकडे नीट पाहावे लागते.

मालाच्या उगमाशी असलेली गुलामगिरी हा ग्राहकाच्या विवेकाचा प्रश्न आहे, ही जाणीव अर्थातच त्याहून खूप जुनी आहे. १७९१ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घालण्याचा प्रस्ताव फेटाळल्यावर तिथल्या लाखो लोकांनी वेस्ट इंडीजमधील साखर घेणे थांबवले, आणि पुढे हिंदुस्थानातून येणारी साखर ‘गुलामांच्या श्रमाविना तयार झालेली’ म्हणून विकली गेली. १९२६ च्या आंतरराष्ट्रीय करारात गुलामगिरीची व्याख्या माणसावरील मालकीहक्काच्या अंगाने झाली. १९३० च्या करारात सक्तीच्या मजुरीची व्याख्या शिक्षेची धमकी आणि संमतीचा अभाव या दोन कसोट्यांवर बांधली गेली. त्याच वर्षी अमेरिकेने सक्तीच्या मजुरीने तयार झालेल्या मालाच्या आयातीवर बंदी घातली, मात्र देशांतर्गत उत्पादनातून मागणी भागत नसेल तर असा माल आणण्याची सवलत तिच्यातच ठेवली. ही सवलत २०१६ पर्यंत टिकून होती. या सगळ्या काळात जबाबदारी राज्यसंस्थेची मानली जात होती आणि व्यापाऱ्याने स्वतःच्या खरेदीचा हिशेब जनतेला द्यावा, अशी सक्ती कुठेही नव्हती.

ती पहिल्यांदा आली कॅलिफोर्नियात. २०१० मध्ये संमत झालेला आणि १ जानेवारी २०१२ पासून लागू झालेला तिथला कायदा त्या राज्यात व्यवसाय करणाऱ्या आणि जगभरातील वार्षिक उलाढाल १० कोटी डॉलरपेक्षा जास्त असलेल्या किरकोळ विक्रेत्यांना व उत्पादकांना लागू होता. पुरवठा साखळीची पडताळणी, लेखापरीक्षण, पुरवठादारांकडून घेतलेली हमीपत्रे, अंतर्गत उत्तरदायित्व आणि प्रशिक्षण या पाच बाबतींत आपण काय करतो, हे कंपनीने आपल्या संकेतस्थळावर सांगायचे होते. कायद्याचा भर ‘सांगा’ या एकाच क्रियापदावर होता. सांगितलेले पुरेसे आहे की नाही, हे ठरवण्याचे काम ग्राहकावर सोपवले होते, आणि ग्राहकाला माहिती मिळाली की बाजार आपोआप सुधारेल, असा त्यामागचा विश्वास होता.

हाच विश्वास ब्रिटनमध्ये गेला आणि तिथे त्याला राष्ट्रीय कायद्याची प्रतिष्ठा मिळाली. आधुनिक गुलामगिरीविषयीच्या तिथल्या कायद्याच्या प्रवासातील एक तपशील आज विस्मरणात जात असला तरी महत्त्वाचा आहे. डिसेंबर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मसुद्यात कंपन्यांच्या पुरवठा साखळीविषयी काहीही नव्हते. भर होता तो माणसांची तस्करी करणाऱ्यांना शिक्षा देण्यावर. संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीने २०१४ च्या वसंतात ही उणीव दाखवली, तरीही जून २०१४ मध्ये मांडलेल्या विधेयकात पुरवठा साखळीचे कलम आले नाही. उद्योगांवर नवा बोजा नको, ही सरकारची भूमिका होती. ती बदलली त्यात स्वयंसेवी संघटनांचा जसा वाटा होता, तसाच काही मोठ्या कंपन्यांचाही होता. आपण खर्च करून पुरवठादार तपासायचे आणि प्रतिस्पर्ध्याने काहीच न करता स्वस्त माल विकायचा, हे परवडत नाही, तेव्हा नियम सर्वांना सारखा असावा, अशी मागणी या कंपन्यांनीच केली. त्या वर्षाच्या अखेरीस कलम विधेयकात घातले गेले, २६ मार्च २०१५ रोजी कायदा झाला आणि ऑक्टोबर २०१५ पासून हे कलम अमलात आले.

चोपन्नाव्या क्रमांकाचे ते कलम ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या, ब्रिटनमध्ये व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांना लागू आहे. दर आर्थिक वर्षासाठी निवेदन काढायचे, संचालक मंडळाने ते मंजूर करायचे, एका संचालकाने सही करायची आणि संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर ठळक जागी त्याचा दुवा द्यायचा, एवढे बंधनकारक आहे. निवेदनात काय असावे, याच्या सहा बाबी कायद्यात दिल्या आहेत, पण त्या ‘समाविष्ट करता येतील’ अशा स्वरूपाच्या आहेत. आणि जिथे निवेदनाची व्याख्या केली आहे, तिथे दोन पर्याय आहेत. कंपनीने वर्षभरात उचललेल्या पावलांचे वर्णन करावे, किंवा अशी कोणतीही पावले उचललेली नाहीत असे लिहावे. दुसरा पर्याय निवडणारी कंपनीही कायद्याचे पूर्ण पालन करते.

या एका उपकलमाविषयीचा वाद आजही मिटलेला नाही, आणि तो मिटण्यासारखा वाद आहे असेही प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. पर्यायाचे समर्थन करणारे म्हणतात की काहीच न करणाऱ्या कंपनीला तसे स्वतःच्या सहीने कबूल करायला लावणे ही साधी गोष्ट नाही. कबुलीची वाट बंद केली तर अशा कंपन्या काम सुरू करणार नाहीत, फक्त खोटे लिहायला लागतील. शिवाय गुंतवणूकदार आणि ग्राहक यांच्यासमोर असे वाक्य छापणे कोणत्याही नामवंत कंपनीला परवडणार नाही, त्यामुळे लाजेपोटी का होईना, सुधारणा होईल. हा युक्तिवाद तेव्हा अनेकांना पटला होता आणि त्यात प्रामाणिकपणा नव्हता असे म्हणता येणार नाही.

प्रत्यक्षात मात्र असे वाक्य उघडपणे छापणाऱ्या कंपन्या फार थोड्या निघाल्या. नुकसान झाले ते वेगळ्या ठिकाणी. कायद्याने स्वीकारार्ह कामाची खालची पातळी शून्यावर ठेवली, त्यामुळे शून्याच्या वरचे काहीही पुरेसे ठरू लागले. ‘आमचे या विषयात शून्य सहनशीलतेचे धोरण आहे’ हे एक वाक्यही पाऊल मानले जाऊ लागले. धोरणाचा कागद, पुरवठादारांची आचारसंहिता आणि कर्मचाऱ्यांसाठी अर्ध्या तासाचे ऑनलाइन प्रशिक्षण, अशा तीन गोष्टींवर निवेदन उभे राहू लागले आणि वर्षानुवर्षे तेच परिच्छेद तारीख बदलून छापले जाऊ लागले. आपल्या साखळीत सक्तीची मजुरी सापडली, इतक्या कामगारांकडून घेतलेली भरतीची रक्कम आम्ही परत मिळवून दिली, असे लिहिणारी कंपनी अपवादानेच दिसली. ज्याने शोधले आणि सापडलेले सांगितले त्याच्यावर बातमी होते, ज्याने शोधलेच नाही त्याचे नाव कुठेही येत नाही. हा उलटा मोबदला कायद्याच्या रचनेतच होता.

अंमलबजावणीची तरतूद त्याहूनही विरळ होती. निवेदनच न काढणाऱ्या कंपनीविरुद्ध मंत्र्याने उच्च न्यायालयात जाऊन आदेश मिळवायचा, एवढा एकच मार्ग कायद्यात आहे, आणि पहिल्या जवळपास दशकभरात तो एकदाही वापरला गेला नाही. सुरुवातीला तर कोणत्या कंपन्यांना हे कलम लागू होते याची सरकारी यादी नव्हती आणि निवेदने एकत्र पाहण्याची सरकारी जागाही नव्हती. ती नोंद स्वयंसेवी संस्था स्वतःच्या खर्चाने ठेवत होत्या. सरकारी नोंदवही २०२१ मध्ये आली, पण तिच्यात निवेदन दाखल करणे ऐच्छिक राहिले.

२०१९ मध्ये स्वतंत्र पुनर्विलोकन समितीने आपला अंतिम अहवाल दिला. पात्र कंपन्यांपैकी सुमारे ४० टक्के कंपन्या कायद्याचे पालनच करत नाहीत, असा अंदाज त्यात नोंदवला होता. ‘पावले उचललेली नाहीत’ हा पर्याय काढून टाकावा, सहा बाबी सक्तीच्या कराव्यात आणि पालन न करणाऱ्यांवर टप्प्याटप्प्याने दंडासह कारवाई व्हावी, या त्यातील शिफारशी स्पष्ट होत्या. सरकारने २०२० मध्ये सक्तीच्या बाबी, एकच अंतिम तारीख आणि सार्वजनिक संस्थांचा समावेश मान्य केला. २०२२ मध्ये नव्या विधेयकाची घोषणाही झाली, पण ते विधेयक संसदेत मांडलेच गेले नाही. २०२४ मध्ये वरिष्ठ सभागृहाच्या समितीने हा कायदा मागे पडल्याचे नोंदवले आणि पुढच्या वर्षी शासकीय मार्गदर्शिका अधिक तपशीलवार झाली. कलम मात्र शब्दशः तसेच आहे.

दरम्यान २०२० मध्ये लेस्टर शहरातील कपड्यांच्या कारखान्यांत कामगारांना कायदेशीर किमान वेतनाच्या निम्म्याहूनही कमी मजुरी मिळत असल्याच्या बातम्या आल्या. तिथून माल घेणारी ऑनलाइन विक्रेता कंपनी दरवर्षी नियमाने निवेदन काढत होती. कंपनीनेच नेमलेल्या स्वतंत्र चौकशीत आरोप बऱ्याच अंशी खरे ठरले. कारखाने दूरच्या कुठल्या खंडात नव्हते, कंपनीच्या स्वतःच्या देशात होते, ही गोष्ट निवेदनांच्या उपयुक्ततेबद्दल पुष्कळ सांगते.

ब्रिटनचा नमुना घेऊन इतर देशांनी पुढे काय केले, हे तुलनेने थोडक्यात सांगता येईल. ऑस्ट्रेलियाचा २०१८ चा कायदा १० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर उलाढालीपासून लागू होतो. त्यातील सात बाबी सक्तीच्या आहेत आणि सरकारी नोंदवहीही पहिल्यापासून आहे. ‘काहीही केलेले नाही’ हा सुटसुटीत पर्याय त्यात नाही, पण दंडही नाही. २०२३ च्या पुनर्विलोकनाने दंड असावा असे सुचवले. कॅनडाच्या कायद्यानुसार २०२४ पासून दरवर्षी ३१ मेपर्यंत अहवाल द्यावा लागतो आणि खोटी माहिती दिल्यास अडीच लाख कॅनेडियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. नॉर्वेने २०२२ पासून एक वेगळी वाट धरली. तिथे कोणीही सामान्य माणूस कंपनीला लेखी प्रश्न विचारू शकतो आणि कंपनीने सर्वसाधारणपणे तीन आठवड्यांत उत्तर द्यायचे असते. निवेदनाच्या एकतर्फी भाषेवर हा उपाय मला सर्वांत आश्वासक वाटतो, कारण त्यात प्रश्न कोणता, हे कंपनी ठरवत नाही.

फ्रान्स आणि जर्मनी यांनी केवळ सांगण्याची सक्ती न करता करण्याची सक्ती केली. फ्रान्सच्या २०१७ च्या कायद्यात मोठ्या कंपन्यांनी दक्षता आराखडा, म्हणजे हानीचे धोके ओळखून ते टाळण्याची योजना, करून तो राबवायचा आणि न राबवल्यामुळे हानी झाली तर भरपाईची जबाबदारी घ्यायची आहे. त्यातील दंडाची तरतूद मात्र तिथल्या घटनात्मक परिषदेने रद्द केली. जर्मनीचा कायदा २०२३ पासून ३,००० आणि २०२४ पासून १,००० कर्मचारी असलेल्या कंपन्यांना लागू झाला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये अशीच सक्ती सर्व सदस्य देशांसाठी आणली, पण वर्षभरातच उद्योगांच्या स्पर्धाक्षमतेचे कारण देऊन तिची अंमलबजावणी पुढे ढकलली आणि व्याप्ती कमी करण्याची प्रक्रिया सुरू केली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार जगात २ कोटी ७६ लाख लोक सक्तीच्या मजुरीत होते आणि हा आकडा त्याआधीच्या अंदाजापेक्षा वाढलेला होता, हे या माघारीच्या चर्चेत फारसे ऐकू आले नाही.

भारतात या विषयाचा स्वतंत्र अहवाल-कायदा नाही. मात्र सक्तीच्या मजुरीची आपल्याकडची कायदेशीर समज पाश्चात्य निवेदनांपेक्षा कितीतरी व्यापक आहे. राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीला बंदी केली, १९७६ च्या कायद्याने वेठबिगारांची कर्जे रद्दबातल ठरवली, आणि आशियाई स्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांविषयीच्या १९८२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत काम करून घेणे हीदेखील सक्तीची मजुरीच आहे, असे म्हटले. आर्थिक विवशता हीही सक्तीच, हा त्या निकालाचा गाभा आहे. भांडवली बाजाराच्या नियामकाने पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांसाठी २०२२-२३ पासून सक्तीच्या केलेल्या जबाबदारी अहवालात सक्तीच्या मजुरीचा रकाना आहे, पण बंधनकारक भाग मुख्यतः कंपनीच्या स्वतःच्या कारखान्यांपुरता आणि कार्यालयांपुरता आहे. पुरवठादारांविषयीची माहिती, जी निवडक मोठ्या कंपन्यांना टप्प्याटप्प्याने द्यावी लागणार होती, ती नंतर एक वर्ष पुढे ढकलून ऐच्छिक करण्यात आली.

महाराष्ट्रातील साखर हे या मर्यादेचे सर्वांत जवळचे उदाहरण आहे. बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोडीला जाणारे जोडपे एक ‘कोयता’ म्हणून मोजले जाते. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल टनावारी मजुरीतून फेडायची असते, खाडा झाला की पैसे कापले जातात, आणि हंगाम संपताना बाकी राहिली तर ती पुढच्या हंगामावर जाते. कारखाना म्हणतो की करार तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी आहे, ठेकेदार मुकादमाकडे बोट दाखवतो, आणि मुकादमाकडे बहुधा कागदच नसतो. २०२४ मध्ये एका अमेरिकी वृत्तपत्राने या फडांचा संबंध जगप्रसिद्ध शीतपेय कंपन्यांच्या साखर खरेदीशी जोडून दाखवला. खरेदीदार कंपनीचा तपासनीस साखर कारखान्याच्या फाटकापर्यंत येतो, तिथले हजेरीपत्रक आणि वेतनपत्रक पाहतो, आणि त्या दोन्हींत तोडणी कामगाराचे नाव नसते. उचलीची रक्कम किती, ती कोणी दिली, हंगामाअखेर किती बाकी राहिली, असे प्रश्न ब्रिटनच्या सहा बाबींत नाहीत, ऑस्ट्रेलियाच्या सात बाबींत नाहीत आणि आपल्या जबाबदारी अहवालाच्या नमुन्यातही नाहीत. १९७६ च्या कायद्यातील वेठबिगारीची व्याख्या मात्र आगाऊ घेतलेल्या रकमेपासूनच सुरू होते.