डॅनियलांचे वेरूळ: घेण्यापूर्वी आणि भिंतीवर लावण्यापूर्वी

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

सप्रेम नमस्कार.

जुनी पुस्तके आणि जुनी छापील चित्रे घ्यायला येणाऱ्यांपैकी बरेच जण आल्या आल्या विचारतात, "डॅनियलचे वेरूळ आहे का?" कैलास लेण्याचे ते मोठे, तपकिरी-निळसर चित्र त्यांनी कुठे तरी पाहिलेले असते आणि मनात भरलेले असते. पण त्या नावाखाली बाजारात इतके काही विकले जाते, की पैसे मोजण्याआधी थोडी माहिती असलेली बरी.

थॉमस डॅनियल (१७४९–१८४०) हा इंग्रज चित्रकार आपला पुतण्या विल्यम (१७६९–१८३७) याला घेऊन १७८६ मध्ये चीनमार्गे कलकत्त्याला पोहोचला. पुढची सात वर्षे दोघे हिंदुस्थानभर चित्रे काढत हिंडले: गंगेच्या काठाकाठाने वर गढवालपर्यंत, मग दक्षिणेत, शेवटी मुंबईत. १७९४ मध्ये लंडनला परतल्यावर त्यांनी 'ओरिएंटल सीनरी' हा हिंदुस्थानातल्या देखाव्यांचा छापील चित्रसंग्रह काढायला घेतला. सहा भाग, १४४ चित्रे, १७९५ ते १८०८. त्यांतला वेरूळचा २४ चित्रांचा भाग १८०३ चा.

या भागाची मूळ रेखाटने मात्र डॅनियलांची नाहीत, आणि हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला आवर्जून सांगतो. ती जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची. वेल्स १७९१ मध्ये मुंबईत आला आणि पुण्यात ब्रिटिश रेसिडेंट (पेशवे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी) चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने राहिला. सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांची चित्रे त्याने काढली. कार्ले, कान्हेरी, घारापुरी आणि वेरूळ ही लेणी रेखाटण्याचा त्याला ध्यास होता. १७९५ मध्ये, काम अर्ध्यावर असतानाच, तो वारला. ती रेखाटने पुढे डॅनियलांकडे गेली आणि त्यांनी ती तांब्याच्या पत्र्यावर उतरवली. ग्रंथाच्या शीर्षकपानावर वेल्सचे नाव स्पष्ट छापलेले आहे, पण विकताना ते बहुधा गळते. आमच्या पावतीवर दोन्ही नावे असतात.

मॅलेटसाठीच काम करणारा पुण्याचा गंगाराम चिंतामण तांबट यानेही वेरूळची लेणी काढली होती. पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातला गेंडा काढणारा तो हाच गंगाराम. त्याची बरीच चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. या ग्रंथावर त्याचे नाव नाही, पण वेरूळच्या चित्रांची गोष्ट सांगताना त्याला वगळणे आम्हाला पटत नाही.

आता मुद्द्याचे, म्हणजे ओळखायचे कसे. ही चित्रे ॲक्वाटिंट पद्धतीची आहेत. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवून पत्रा तापवतात. राळ चिकटते, आणि मग पत्रा आम्लात घातला की दोन कणांमधल्या फटीत तेवढे तांबे खाल्ले जाते. जिथे जास्त वेळ खाऊ दिले तिथे छटा गडद, जिथे लवकर झाकले तिथे फिकट. लेण्यांच्या आतला अंधार दाखवायला यासारखी दुसरी रीत नाही. छापून झाल्यावर जलरंग हाताने भरलेले आहेत, त्यामुळे कोणत्याही दोन प्रती हुबेहूब सारख्या नसतात.

दहापट मोठे दाखवणारे भिंग आकाशाच्या भागावर धरा. अस्सल प्रतीत वेडीवाकडी, बारीक जाळी दिसते, सुकलेल्या तळ्याच्या चिखलाला पडलेल्या भेगांसारखी, आणि तिच्यावरून रंगाचा पातळ हात फिरलेला असतो. एकसारखे, ओळीत बसलेले रंगीत ठिपके दिसले तर ते अलीकडचे ऑफसेट छपाईचे काम समजा. मग कागद उजेडासमोर धरा. 'व्हॉटमन' या इंग्रज कागद-कारखान्याचा वॉटरमार्क (कागदातच उमटवलेली, उजेडात दिसणारी खूण) आणि त्यासोबत साल दिसू शकते. ते साल चित्राखाली छापलेल्या तारखेनंतरचे असेल तर चित्र खोटे ठरत नाही. पत्रा तोच, फक्त प्रत नंतर काढलेली. किंमत मात्र त्याप्रमाणे ठरावी.

छापताना पत्र्याच्या कडेचा कागदावर उमटणारा दाब दिसला नाही म्हणूनही घाबरू नका. चारी बाजू कापून जाड कागदावर चिकटवलेल्या जुन्या प्रती आढळतात. याशिवाय १८१२ ते १८१६ या काळात लहान आकाराची, बिनरंगी आवृत्तीही निघाली. तिच्यातली पाने कुणी तरी नंतर रंगवून मोठ्या आवृत्तीच्या भावाने विकायला काढतो, तेव्हा आधी माप घ्या. मोठ्या आवृत्तीचे चित्र साधारण दोन फूट रुंद असते.

घरी नेल्यावर काय? लॅमिनेशन कधीही नको, सेलोटेप नको, फेविकॉल तर नकोच. नेहमीचा फ्रेमवाला मागे हार्डबोर्ड लावतो, त्यातले आम्ल काही वर्षांत कागद पिवळा करते. मागे-पुढे आम्लरहित बोर्ड आणि काच चित्राला टेकणार नाही एवढा माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) हवा. चित्र अडकवायला जपानी कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाची खळ पुरते. जलरंग उन्हाने उडतात, म्हणून खिडकीसमोरची भिंत टाळा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल धरते, तिथे फ्रेम लावलीत तर तपकिरी ठिपके आलेच म्हणून समजा. ठिपके आले तर ब्लीचचा घरगुती प्रयोग करू नका, आमच्याकडे आणा. आणताना गुंडाळी नको. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा.

आम्ही सुट्टी पाने विकतो ती आधीच सुटलेली असतात. बांधणी शाबूत असलेला ग्रंथ फोडून पाने विकणे आम्ही करत नाही, कुणी तसा आग्रह धरला तरी. चोवीस चित्रे ओळीने पाहताना आधी डोंगर, मग एकेक लेणे असा जो प्रवास घडतो, तो एकट्या पानात उरत नाही. आमची स्वतःची पुनर्मुद्रणेही आहेत आणि ती खूप कमी किमतीत मिळतात. त्यांच्या मागे 'पुनर्मुद्रण' असा शिक्का असतोच.

मुलांकडे परदेशी न्यायचा विचार असेल तर खरेदीआधीच बोला. १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर निर्बंध आहेत, आणि आपली वस्तू त्यात बसते की नाही हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून लेखी घ्यावे लागते. अर्ज भरायला आम्ही मदत करतो. पण तो निकाल येईपर्यंत वस्तू पाठवत नाही.